ओठ तिचे

चोफूच्या तळघरात सकाळचे दहा.
भिंतींना राखाडी स्पंज, दारामागे आणखी एक दार,
आणि काचेपलीकडे साउंडवाला इगाराशी
डब्यातला गार भात खातोय.
पडद्यावर तिचा चेहरा थांबवून ठेवलेला,
एलिआने मियाशिरो. तोंड अर्धं उघडं.

मला एवढंच करायचं आहे,
त्या तोंडात माझा आवाज ठेवायचा.

दिग्दर्शक म्हणाले, चेहरा तर तिचाच राहणार.
असा चेहरा आपल्या सिनेमात असतो कधी?
आपण दाखवतोय ना.
फक्त उच्चार जरा… लोक अडखळतात,
कथेतून बाहेर पडतात.

कथा अशी: हामामात्सुतली एक बाई,
ब्राझीलहून आलेली, आजोबांच्या देशात परकी,
पियानोच्या कारखान्यात तारा ताणते.
एका रात्रीपासून तिला डोक्यात
दुसऱ्याच कोणाचा आवाज ऐकू येऊ लागतो,
धुतलेला, इस्त्रीचा, बातम्या देणाऱ्यासारखा.
डॉक्टर विचारतात, काय म्हणतो तो?
ती म्हणते, मी म्हणते तेच. पण बरोबर.

हे वाक्यही मीच बोलले.
पहिल्याच टेकला. बरोबर.

अडलं ते 'तादाइमा'पाशी.
घरी परतल्यावर दारात म्हणायचा शब्द,
तीन वर्षांचं पोरही म्हणतं.
तिची 'इ' किंचित लांबते,
जणू म्हणता म्हणता बूट काढायला वाकली आहे.
आणि त्याआधी एक श्वास, मध्येच अडकलेला,
घरात कोणी असेल की नाही
हे ठाऊक नसल्यासारखा.

अकरा टेक.
माझा श्वास तिच्या छातीत बसेना.

बारा कोसांवर बोली बदलते म्हणतात.
मी सातशे किलोमीटर वरून आलेली, त्सुगारूची.
आमच्याकडे सुशी, काजळी आणि सिंह
एकाच आवाजात बोलतात,
थंडी इतकी की तोंड फार उघडायचं नाही.
तोक्योतल्या बाईंनी दातांत बूच धरायला लावलं,
सात वर्षं.
काजळी वेगळी झाली, सिंह वेगळा झाला,
जिभेचं वळण गेलं.
बूच मी अजून जपून ठेवलंय, शिवणाच्या डब्यात,
दातांच्या खुणांसकट.

बाराव्या टेकला मी श्वास घेतलाच नाही.
फक्त शब्द म्हटला.
इगाराशीने काचेतून पाहिलं,
तोंडाला लागलेलं शीत पुसलं,
आणि तिचा जुना श्वास उचलून
माझ्या शब्दाआधी ठेवून दिला.
दिग्दर्शकांना आम्ही सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.

हामामात्सुत पहिला खेळ, डिसेंबरात.
शेवटी नावं वर सरकत गेली.
तिचं होतं, कातकाना लिपीत, परक्या शब्दांसारखं.
माझं करारानुसार नव्हतं.
मागच्या रांगेत कोणीतरी पोर्तुगीजमध्ये काही म्हणालं,
दोन बायका हसल्या, एक रडत होती बहुतेक,
किंवा सर्दी असेल.

बाहेर मशीनमधून तिने कॉफीचे दोन डबे काढले,
एक माझ्या हातात दिला. ऊन ऊन.
तुमचा आवाज फार छान आहे, म्हणाली,
तिच्या त्या लांबणाऱ्या 'इ'ने.
आईला खूप आवडला.
तिला वाटलं, मी शेवटी शिकले.

मी वाकले. इथे वाकून पुष्कळ काही उरकता येतं.
मग ती थांबली.
त्या दाराशी मात्र, म्हणाली, आणि पुढे काही नाही,
नुसतं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

रात्री स्टेशनच्या मागे उभी राहून
मी घरी फोन लावला.
आई अंगणातला बर्फ ओढत असणार,
वाजला तो बराच वेळ.
मी तोंड थोडंसंच उघडलं, तिकडच्यासारखं,
आणि जे निघालं ते
ना तिकडचं होतं ना इकडचं.

फावडं खाली ठेवल्याचा आवाज आला.
कोण, आई म्हणाली, कोण बोलतंय?